वाटेवरचे शैलगृह

मुंबईहून पुण्याकडे निघालेली वाट खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यास पोचली म्हणजे तिचा अवघडपणा संपतो. दरी, कडे आणि बोगदे मागे पडतात आणि समोर इंद्रायणीचे रुंद, सपाट खोरे पसरते. उजव्या हाताला लोहगड आणि विसापूर यांची जोडी दिसते. डाव्या हाताला डोंगरांची एक रांग रस्त्याला सोबत करीत पूर्वेकडे जाते. या डाव्या हाताच्या रांगेत, पायथ्यापासून सुमारे साडेतीनशे फूट उंचीवर, कार्ल्याचे चैत्यगृह कोरलेले आहे. त्याच्या जवळजवळ समोर, खोऱ्याच्या पलीकडल्या अंगाला, विसापूरच्या कुशीत भाजे आहे. आणि त्या डोंगराच्याही पाठीमागे, पवनेच्या खोऱ्यात, बेडसे. लोहमार्ग, जुना हमरस्ता आणि २००२ साली संपूर्ण खुला झालेला द्रुतगती मार्ग, हे तिन्ही कार्ले आणि भाजे यांच्या मधल्या पट्ट्यातून जातात.

लेणी म्हटली की आपल्या मनात एक ठराविक चित्र उभे राहते. संसाराला विटलेले काही विरागी पुरुष मनुष्यवस्तीपासून दूर, दुर्गम डोंगरात गेले आणि तेथे त्यांनी खडक पोखरून आपली ध्यानस्थाने निर्माण केली, असे ते चित्र. अजिंठ्याच्या घळीत उभे राहिले असता ते काहीसे खरेही वाटते. परंतु कार्ल्याच्या ओवरीत उभे राहून पश्चिमेकडे तोंड केले तर हे चित्र टिकत नाही. पायाखाली सगळे खोरे उघडे असते आणि त्यातून जाणारी वाट डोळ्यांसमोर असते. ज्यांनी ही जागा निवडली त्यांना वाट टाळावयाची नव्हती. वाटेच्या जवळ, पण वाटेच्या धुळीपासून थोडे वर राहावे, असा त्यांचा हिशेब दिसतो. कार्ल्याचे शैलगृह हे या अर्थाने वाटेवरचे देवालय आहे, आणि वाटेखेरीज त्याचा इतिहास सांगता येणार नाही.

ही वाट कोणती? कोकणाची किनारपट्टी आणि दख्खनचे पठार यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. तिला खिंडी आहेत, पण बैलांचा तांडा ज्यांतून सुखरूप चढू-उतरू शकेल अशा खिंडी मोजक्याच. कल्याण आणि सोपारा ही प्राचीन बंदरे. तेथे उतरलेला माल पैठणला किंवा तेरला न्यावयाचा तर थळघाट, नाणेघाट अथवा बोरघाट यांपैकी एखादी वाट धरणे भाग होते. आता या वाटांच्या नकाशावर लेणी मांडून पाहावीत. थळघाटाने वर आले की नाशिकची पांडवलेणी. नाणेघाट चढून आले की जुन्नरच्या सभोवारचे लेण्यांचे कडे. बोरघाटाच्या पायथ्याशी कोंडाणे, आणि माथ्यावर येताच कार्ले, भाजे, बेडसे, पुढे तळेगावाजवळ शेलारवाडी. ही मांडणी योगायोगाची नव्हे. नाणेघाटात तर सातवाहन राणी नागनिका हिचा लेख असलेली गुंफा प्रत्यक्ष खिंडीतच आहे, आणि तिच्याजवळ दगडाचा तो प्रचंड रांजण अजून उभा आहे, ज्यात जकात टाकीत असत असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

भिक्षू आणि व्यापारी यांचे हे सख्य बौद्ध धर्माच्या अगदी आरंभापासूनचे आहे. बोधिप्राप्तीनंतर भगवान बुद्धांना पहिले अन्न अर्पण करणारे तपुस्स आणि भल्लिक हे दोघे तांडा घेऊन चाललेले व्यापारीच होते, असे विनयपिटक सांगते. जेतवन विकत घेऊन संघाला देणारा अनाथपिंडिक हा श्रेष्ठी होता. व्यापाऱ्याला परमुलखात विसाव्याची जागा, पिण्याचे पाणी आणि विश्वासाचा माणूस हवा असतो. भिक्षूला भिक्षा हवी, आणि पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहावयास निवारा हवा. जातीचा विचार न करणारा धर्म परक्या गावाहून आलेल्या, निरनिराळ्या कुळांच्या लोकांना सोयीचाही होता. घाटमाथ्यावरील लेण्यांत पाण्याची टाकी किती काळजीने खोदलेली आहेत हे पाहिले म्हणजे हा व्यवहार ध्यानात येतो. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. भाजे येथील एका टाक्यावर ते महारठी विष्णुदत्ताचे धर्मदान असल्याचे लिहिले आहे. मोठमोठ्या सरदारांनी दानासाठी पाण्याचे टाके निवडावे, यावरून त्या वाटेवर पाण्याची किंमत काय होती ते कळते.

आता प्रत्यक्ष शैलगृहात जाऊ. दारातून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे १२४ फूट लांबी, ४५ फूट रुंदी आणि जवळपास तितकीच उंची. भारतातील कोरीव चैत्यगृहांत याहून मोठे दुसरे नाही. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा नक्षीदार खांब आणि मागे स्तूपाभोवती सात साधे अष्टकोनी खांब, असे ३७ खांब. नक्षीदार खांबांची तळाशी घटाची बैठक, वर उलट्या कमळासारखे शीर्ष, आणि त्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती. हत्तींवर स्त्री-पुरुष आरूढ झालेले. स्तूप मात्र अगदी साधा. त्यावर मूर्ती नाही, नक्षीही बेताची. वर लाकडाची छत्री आहे. छताच्या कमानीखाली सागवानी फासळ्या बसविलेल्या आहेत आणि त्या मूळच्याच असल्याचे मानतात. दगडाच्या छताला लाकडी फासळ्यांचा आधार कशाला, असा प्रश्न पडेल. आधार म्हणून त्यांचा काहीच उपयोग नाही. लाकडी मंडप बांधणाऱ्यांचे हात दगडाकडे वळले तेव्हा जुन्या घराची ओळख त्यांना सोडवली नाही, एवढाच त्याचा अर्थ. भाज्याचे चैत्यगृह कार्ल्याहून सुमारे दोन-अडीच शतके जुने. तेथे खांबसुद्धा लाकडी घराप्रमाणे आत झुकलेले आहेत. कार्ल्यास येईतो खांब सरळ झाले. कारागिराला दगडाचा स्वभाव उमगला होता.

समोर दर्शनी भागी पिंपळपानाच्या आकाराचे मोठे गवाक्ष आहे. लेणे पश्चिमाभिमुख असल्यामुळे दिवस कलू लागला की त्या गवाक्षातून आलेला प्रकाश सभामंडप ओलांडून स्तूपापर्यंत पोचतो. कार्ले पाहावयास जाणारे बहुतेक लोक सकाळी जातात. मला वाटते, त्यांनी चार वाजेपर्यंत थांबावे.

या भव्य वास्तूचा कर्ता कोण? पूर्वी आपल्याकडे अशा प्रश्नाला एकच उत्तर होते: पांडवांनी एका रात्रीत कोरले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचे वाचन पूर्ण केल्यावर भिंतीवरील अक्षरे बोलू लागली. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले, आणि पुढे सेनार या फ्रेंच पंडिताने कार्ल्याच्या लेखांची नव्याने छाननी केली. तेव्हा दिसून आले ते पांडवांच्या कथेइतकेच नवलाचे आहे. या चैत्यगृहाच्या उभारणीचा मान एकाही राजाकडे जात नाही. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पुरे केले, आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे एक लेख सांगतो. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील बनवासी. इतक्या दूरच्या नगरातील सावकाराने मावळातल्या डोंगरावर पैसा खर्चावा, आणि आपल्या कामाची थोरवी स्वतःच लिहून ठेवावी! ही बढाई आहे खरी. पण दोन हजार वर्षांनंतरही तिला खोटे ठरविणे अवघड आहे, म्हणून ती क्षम्य मानू.

भूतपालाने काम पुरे केले, पण ते त्याच्या एकट्याचे नव्हते. हे शैलगृह वर्गणीचे आहे. एकेक खांब, एकेक वेदिका, एकेक हत्ती निरनिराळ्या माणसांनी दिला आणि आपापली नावे तेथे कोरविली. दारासमोरचा सिंहस्तंभ महारठी गोतीपुत्र अग्निमित्रनक याचा. ओवरीतील हत्ती आणि त्यांच्या खालवरच्या वेदिका स्थविर भदंत इंद्रदेव यांच्या. एक वेदिका कोडी नावाच्या भिक्षुणीची. तिची ओळख घुणिकाची आई अशी दिली आहे, आणि वेदिका कोरणाऱ्या नंदिकाचेही नाव खाली आहे. सोपाऱ्याहून आलेल्या, धर्मोत्तरीय पंथाच्या स्वातिमित्र या भाणकाने दिलेल्या खांबात पवित्र धातू ठेवलेला होता. भाणक म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत करून म्हणून दाखविणारा. एका सुगंधी वस्तू विकणाऱ्याने, सिंहदत्त गांधिकाने, दार दिले. आणि दाराचे काम ज्याने केले त्या सुताराचे नावही लेखात आहे: वेणुवासाचा मुलगा सामी, राहणार धेनुकाकट. लेखात त्याचा धंदा ‘वढकी’ असा दिला आहे. विदर्भात सुताराला ‘वाढई’ म्हणतात, तो हाच शब्द. मराठी श्रोत्याने हे लेख केवळ पंडितांचे म्हणून सोडून देऊ नयेत, ते यासाठी. ‘लेण’ याचे लेणे झाले, ‘सेठी’चा शेठ झाला, वढकीचा वाढई झाला. आपल्या भाषेची पणजी या दगडांवर बोलते आहे.

दात्यांत यवनही आहेत. धेनुकाकटाचा सिंहध्वज यवन, धेनुकाकटाचाच धर्म यवन, आणि आणखी काही. प्रत्येकाने एकेक खांब दिला आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा ग्रीक वंशाचे, पश्चिमेकडच्या व्यापाराशी संबंध असलेले लोक. त्यांची नावे पाहावीत. धर्म, सिंहध्वज. परदेशातून आलेला माणूस येथे नुसता माल विकून गेला नाही. येथल्या धर्मात आला, त्याने येथले नाव घेतले, आणि शेजारच्या खांबावरील सुगंध्याप्रमाणे आणि भाणकाप्रमाणे त्यानेही आपल्या ऐपतीप्रमाणे एक खांब दिला. त्याच्या खांबात आणि इतरांच्या खांबांत काही उणे-अधिक केलेले दिसत नाही.

वारंवार येणारे हे धेनुकाकट कोठे होते, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. कोणी ते कोकणात शोधले, कोणी थेट आंध्रात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मात्र ते कार्ल्याच्या पायथ्याशीच असले पाहिजे असे प्रतिपादन केले. कोसंबी हे गणिती. पुण्याहून मुंबईस ‘डेक्कन क्वीन’ गाडीने ते कामावर जात, आणि सुट्टीच्या दिवशी याच खोऱ्यातील डोंगर पायी तुडवीत. बौद्ध धर्माचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचे ते चिरंजीव. लेण्यांचा आणि व्यापारी वाटांचा संबंध त्यांनी जितक्या आग्रहाने मांडला तितका त्यापूर्वी क्वचितच कोणी मांडला असेल. त्यांचे स्थाननिर्णय सर्वांनाच पटले नाहीत. पण एका परीने त्यांचे म्हणणे सहज समजण्यासारखे आहे: ज्या गावचा गांधिक, सुतार आणि यवन एकाच वास्तूच्या कामात इतके गुंतले, ते गाव फार लांब कसे असेल?

येथपर्यंत राजांचे नाव आले नाही. ते येते, पण निराळ्या रीतीने. पश्चिमेकडील क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात हा मोठा दानशूर. कार्ल्याच्या लेखात त्याच्या दानांची यादी आहे: तीन लक्ष गाई, ब्राह्मणांना आणि देवांना सोळा गावे, बनास नदीवर तीर्थ. हे सांगून झाल्यावर तो म्हणतो की वलूरकाच्या लेण्यांत राहणाऱ्या, चारी दिशांच्या भिक्षुसंघाच्या वर्षावासातील निर्वाहासाठी त्याने करजिक हे गाव दिले. वलूरक हे कार्ल्याचे प्राचीन नाव. ‘चारी दिशांचा संघ’ हे शब्द नीट ऐकण्यासारखे आहेत. अमुक मठाचे, अमुक गुरूचे असे ते दान नाही. ज्या कोणत्या दिशेने जो भिक्षू या वाटेने येईल त्याचा त्यात वाटा आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख याहूनही व्यावहारिक आहे. त्याने तेथे भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज मात्र निरंतर चालावयाचे. धर्मादायाची अशी लेखी पद्धत आपल्या मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी होती.

त्याच सुमारास एका अनामिक ग्रीक नाविकाने अरबी समुद्रावरील व्यापाराचे वर्णन लिहिले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. तो लिहितो की कल्याण हे एके काळी रीतसर बाजाराचे बंदर होते. पुढे ते संदनस नावाच्या दुसऱ्या सत्ताधीशाच्या हाती गेले, व्यापारात अडथळे आले, आणि आता एखादे ग्रीक जहाज तेथे लागलेच तर ते पहाऱ्यात भरुकच्छास, म्हणजे भडोचला, नेण्यात येते. कल्याण बंद पडले तर बोरघाटाच्या वाटेचा जीवच जातो. क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातील झगड्याला राज्यविस्ताराच्या हव्यासाबरोबर ही एक व्यवहारी बाजूही होती. कोणत्या बंदरातून माल चढावा आणि कोणी जकात घ्यावी, यासाठीही ती लढाई होती.

गौतमीपुत्र सातकर्णीने ती जिंकली. त्याच्या विजयाचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडला: नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा शिक्का पुन्हा उमटविलेला. पडलेल्या राजाचे नाणे नव्या राजाने वितळविले नाही. त्यावर आपला ठसा मारून ते चालते ठेवले. कार्ल्याच्या बाबतीतही नेमके तेच घडले. चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एक राजाज्ञा कोरलेली आहे. राजाचे नाव झिजून गेले आहे, पण ती गौतमीपुत्राची मानली जाते. ती मामाडच्या अमात्यास उद्देशून आहे. मामाड किंवा मामाल म्हणजे आपले मावळ! शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी जे नाव जगभर नेले ते त्यांच्या आधी सोळा शतके एका सरकारी आज्ञेत आलेले आहे. आज्ञा अशी: वलूरकाच्या लेण्यांत राहणाऱ्या महासांघिक भिक्षूंच्या निर्वाहासाठी मामाल आहारातील, उत्तरमार्गावरील करजक हे गाव ‘भिक्षुहल’ म्हणून, म्हणजे भिक्षूंची शेती म्हणून, दिले आहे. सैनिकांनी त्या गावात शिरू नये, अधिकाऱ्यांनी त्याला हात लावू नये, मिठासाठी तेथे खणू नये, प्रांताच्या बंदोबस्ताची तोशीस त्या गावाला देऊ नये.

करजिक आणि करजक ही एकाच गावाची नावे. शत्रूच्या जावयाने दिलेले गाव विजेत्याने काढून घेतले नाही. आपल्या नावाने पुन्हा दिले. याला उदारपणा म्हणावे की धोरण? दोन्ही असावे. संघ नाराज झाला तर वाटेवरचा व्यापारी नाराज होतो, आणि ज्या वाटेसाठी लढाई केली ती ओस पडते. मात्र आज्ञेतील मनाई काय सांगतात तेही पाहिले पाहिजे. सैनिकांनी शिरू नये, असे लिहावे लागते ते सैनिक शिरत होते म्हणूनच. ज्या वाटेने सुगंधी द्रव्ये येत त्याच वाटेने फौजाही येत, आणि वाटेकाठच्या गावाला त्या दोघांचे सारखेच दर्शन घडे. भिक्षूंना मिळालेले गाव हे तेथल्या कुणब्यांच्या दृष्टीने काय होते, याविषयी लेख मुका आहे. धान्य राजाच्या कोठारात जावयाचे ते डोंगरावर जाऊ लागले, आणि फौजफाट्याचा जाच वाचला, एवढे अनुमान करता येते.

पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीत, सातव्या वर्षी, महारठी सोमदेवाने वलूरकाच्या संघाला आणखी एक गाव दिले. आणि चोविसाव्या वर्षी अबुलामाचा उपासक हरफरण, सेतफरणाचा पुत्र, याने नऊ खोल्यांचा मंडप अर्पण केला. ही बापलेकांची नावे इराणी वळणाची आहेत. बनवासीचा श्रेष्ठी, सोपाऱ्याचा भाणक, यवन, इराणी वळणाच्या नावाचा उपासक आणि मावळचे महारठी, अशी ही मंडळी एका डोंगरावर एकत्र आली, ती डोंगरामुळे नव्हे. खालून जाणाऱ्या वाटेमुळे.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. रोमन व्यापार मंदावला, बंदरे उतरणीला लागली. महायान पंथ प्रबळ झाल्यावर सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास ओवरीच्या भिंतींवर बुद्धमूर्ती कोरण्यात आल्या. त्यांच्यासाठी जुन्या दात्यांनी दिलेली वेदिकेची नक्षी ठिकठिकाणी छाटण्यात आली. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएनत्संगाने येथे सुमारे शंभर संघाराम आणि पाच हजार भिक्षू असल्याचे नमूद केले आहे. पुढील काही शतकांत ते सगळे ओसरले. डोंगराच्या पायथ्याच्या गावाचे नाव तेवढे वेहेरगाव राहिले. विहाराचे वेहेर झाले, आणि विहारात कोण राहत होते हे गाव विसरून गेले.

वाट मात्र कोणी विसरले नाही. १७७९ सालच्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर चालून आली ती याच खोऱ्यातून. मराठ्यांनी ज्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हटले तो कॅप्टन स्टुअर्ट ४ जानेवारीस कार्ल्यापाशीच पडला, आणि पुढे थोड्याच दिवसांत वडगावचा तह झाला. १८३० साली त्याच घाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली आगगाडी आली. विलायती साहेबांना लेणी पाहावयास येणे या नव्या रस्त्याने सोयीचे झाले.

डोंगरावरची वर्दळही बंद झाली नव्हती. चैत्यगृहाच्या अगदी दारात एकवीरा देवीचे मंदिर आहे. सिंहस्तंभाचा जोडीदार दुसरा स्तंभ मंदिराच्या जागी होता, असे समजतात. कोकण किनाऱ्यावरचे कोळी आणि आगरी बांधव या देवीचे निस्सीम भक्त. चैत्राच्या यात्रेस ते हजारोंनी येतात. म्हणजे सोपारा-कल्याणच्या किनाऱ्यावरून घाट चढून वलूरकास येणाऱ्यांची परंपरा तुटलेली नाही. देव बदलला आहे. काही जाणकार मंडळी या गर्दीवर नाक मुरडतात. शैलगृह शांतपणे पाहता येत नाही, अशी त्यांची तक्रार असते. प्राचीन वास्तूला धूर, गुलाल आणि धक्काबुक्की यांपासून जपले पाहिजे यात शंका नाही. परंतु गर्दी हीच या जागेला परकी आहे, असे म्हणणाऱ्याने खांबांवरची नावे एकवार वाचावीत.

खाली इंद्रायणी वाहत जाते ती देहूला. तेथे भंडारा डोंगरावर तुकाराममहाराज एकांतासाठी जात, आणि त्या डोंगरातही बौद्धकालीन गुंफा आहेत. त्याच देहूच्या जवळ, मुंबई-पुणे रस्त्यावरील देहू रोड येथे, २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची एका विहारात प्रतिष्ठापना केली. नागपूरची दीक्षा व्हावयास अजून जवळजवळ दोन वर्षे होती. ते विहार कोणा सम्राटाच्या देणगीने उभे राहिले नाही; तेथल्या साध्या, कष्टकरी लोकांनी ते उभे केले. कार्ल्याच्या पायथ्यापासून ते ठिकाण, जुन्या बैलतांड्यांच्या हिशेबाने, सुमारे दोन मजलांवर आहे.